आतून नट कोणी धरला

ही घटना खरी आहे. ज्याच्यासोबत घडली तो माझा चुलतभाऊ आहे, सुनिलदादा. तो जिवंत आहे, मुरबाडला राहतो, आणि हे वाचून तो मला फोन करून शिव्या घालणार आहे.

आधीच सांगून ठेवतो. यात अमावस्या नाही. खरं तर रात्रच नाही. दुपारचे अडीच वाजले होते, ऊन रणरणत होतं आणि बाहेर एक म्हैस उभी होती. ज्यांना वडाचं झाड आणि पांढरी साडी लागते त्यांची माफी मागतो. आमच्या तालुक्यात जे घडलं ते असंच घडलं.

तारीख ९ फेब्रुवारी २००७, शुक्रवार. जागा सरळगावच्या पुढे, शहापूरकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडी आत. कोंबड्यांची एक रिकामी शेड.

शेडमध्ये एक विमान होतं.

हसा. गावातले लोक तीन वर्षं हसत होते, तुम्ही दोन मिनिटं हसलात तर काही बिघडत नाही.

विमान दामूकाकांचं. काका सांताक्रूझच्या एका हँगरमध्ये एकतीस वर्षं मेकॅनिक होते. रिटायर होऊन गावी आले तेव्हा देवकीकाकूंना वाटलं, आता हा माणूस भात लावेल. काकांनी परदेशातून नकाशे मागवले आणि दोन सीटचं फायबरचं विमान करायला घेतलं. पहिल्या वर्षी पंख ओटीवर होते आणि पाहुणे गोठ्यात बसायचे. मग बर्ड फ्लूच्या साली काकूंच्या कोंबड्या गेल्या, शेड मोकळी झाली आणि विमान तिकडे गेलं.

"ज्या उडत नव्हत्या त्या काढल्या," काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "आन हे उडंल म्हणून ठेवलंय."

सुनिल तिथे दर शुक्रवारी जायचा. मुरबाडच्या एमआयडीसीत फायबरच्या पाण्याच्या टाक्या करणाऱ्या एका कंपनीत तो बारा वर्षं कामाला होता, आणि शुक्रवारी कंपनीला सुट्टी असायची. रेझिन कालवणं, काचेचं कापड पसरणं, बुडबुडे काढणं यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. दामूकाकांनी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "माल तोच आहे रे. टाकीत पाणी असतं, यात मी असणार. एवढाच फरक."

हा फरक सुनिलने डोक्यात ठेवायला हवा होता.

आता थोडं कामाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

फायबरला काहीही जोडायचं म्हणजे कटकट. पत्र्याला भोक पाडा, बोल्ट घाला, आवळा, झालं. विमानाचं फायबर म्हणजे वर एक कातडी, खाली एक कातडी आणि मध्ये फोम. बोल्ट आवळला की मधला फोम चेपतो. आज घट्ट, उद्या ढिला. म्हणून जिथे बोल्ट येणार तिथला फोम कोरून काढायचा, रेझिनमध्ये कापसाची भुकटी कालवून तो खड्डा भरायचा आणि कडक झाल्यावर भोक पाडायचं. दात भरतात तसं.

आणि जिथे आत हात जात नाही तिथे आणखी एक कटकट. विमानाच्या शेपटीवर जो उभा पंख असतो तो दोन सालींचा. साली एकमेकींना चिकटवल्या की पंख बंद. पण त्याच पंखाच्या मागच्या कडेला रडर लटकतो, म्हणजे विमान डावीउजवीकडे वळवणारं फळकूट. रडरच्या बिजागऱ्यांचे सहा बोल्ट बाहेरून घालायचे, तर आतून नट कोण धरणार? म्हणून पंख बंद करायच्या आधीच सहा नट आतल्या भिंतीला चिकटवून ठेवायचे. प्रत्येक नट ॲल्युमिनियमच्या एका छोट्या चकतीवर, आणि चकती रेझिनने भिंतीवर.

"चिकटवायच्या आधी जागा घास," काकांनी बजावलं होतं. "पॉलिशपेपर घे आणि चकाकी जाईपर्यंत घास. गुळगुळीत फायबरवर रेझिन नुसतं बसतं, धरत नाही."

सुनिल टाकीवाला. टाकीला ओल्यावर ओला थर देतात, तिथे घासायला कोणाला वेळ असतो? तरी त्या जानेवारीतल्या शुक्रवारी त्याने चार जागा मन लावून घासल्या.

शेवटच्या दोन राहिल्या.

काकूंनी जेवायला हाक मारली होती. मटण होतं.

जेवून आल्यावर त्याने सहाही चकत्या चिकटवल्या. काकांनी बॅटरी मारून बघितलं. वरून सगळं सारखंच दिसत होतं. पंख बंद झाला.

तर, ९ फेब्रुवारी.

काका बेअरिंग आणायला कल्याणला गेले होते. काकू भाचीच्या हळदीला. शेडमध्ये सुनिल एकटा. महाशिवरात्रीला, म्हणजे पुढच्याच शुक्रवारी, विमान माळावर पळवून बघायचं ठरलं होतं. उडवायचं नाही, परवानगी आली नव्हती. नुसतं पळवायचं. त्याआधी रडर लागायला हवा होता.

पहिले चार बोल्ट लोण्यासारखे बसले.

पाचवा फिरला.

फिरतच राहिला. आतून बारीक आवाज येत होता, खुळ खुळ खुळ. चकती सुटली होती आणि बोल्टाबरोबर नटही गोल फिरत होता. सहाव्यावर पाना लावला. खुळ खुळ.

सुनिल खाली बसला. त्याला मटण आठवलं.

आता पंख कापून खिडकी पाडायची, चकत्या काढायच्या, घासायच्या, पुन्हा चिकटवायच्या, खिडकी बुजवायची, रंग द्यायचा. दोन महिने. आणि त्याआधी काकांना सांगायचं की मी घासलं नव्हतं. हे शेवटचं त्याला सगळ्यात जड वाटलं.

उगाच, काहीतरी करायचं म्हणून, त्याने पाना पुन्हा पाचव्या बोल्टाला लावला. आणि बारा वर्षांच्या सवयीने, काही विचार न करता, बोटाच्या पेराने पंखावर एकदा वाजवलं.

टक्.

आणि बोल्ट... धरला.

फिरायचा थांबला. सुनिलने पाना ओढला तर बोल्ट सरळ आवळायला लागला. पाव फेरा... अर्धा फेरा... घट्ट.

तीन सेकंद त्याला आनंद झाला.

मग आपण आत्ता काय केलं ते त्याच्या लक्षात आलं, आणि त्याने पाना जमिनीवर ठेवला.

कंपनीत मोठ्या टाक्यांना पाइपाचे जोड बसवताना दोन माणसं लागायची. एक बाहेर, बोल्ट आवळणारा. एक टाकीत, नट धरणारा. आतल्याला बाहेरचं बोलणं ऐकू येत नाही, सगळं घुमतं. म्हणून खुणा ठरलेल्या. बाहेरून एकदा वाजवलं की आतल्याने नटाला पाना लावून धरायचं. दोनदा वाजवलं की सोडायचं. दोनदा वाजल्याशिवाय सोडायचं नाही, कारण मध्येच सोडलं तर बाहेरच्याचा हात मोडतो.

सुनिलचा आतला माणूस नवशा होता. उंबरमाळीच्या वरच्या पाड्यावरचा. अंगाने काटकुळा, टाकीच्या तोंडातून सापासारखा आत जायचा. जेवणाच्या सुट्टीत माल मोजायच्या काट्यावर उभा राहून म्हणायचा, "एकेचाळीस. भिजलो का बेचाळीस." आणि आत शिरताना दर वेळी म्हणायचा, "सुनिलशेट, तुमी बाहेर हवा खा. आमी आत वास खातो."

वास रेझिनचा. डोकं गरगरायला लावणारा.

मे १९९८. दहा हजार लिटरची टाकी. नवशा आत. सुनिलने एकदा वाजवलं, आतून उत्तर आलं, टक्. सुनिलने बोल्ट आवळला. तेवढ्यात चहाचा भोंगा झाला. त्या दिवशी कुणाच्या तरी मुलीचं बारसं होतं, चहासोबत समोसे होते.

सुनिल गेला.

दोनदा वाजवायचं राहिलं.

पंचवीस मिनिटांनी तो परत आला आणि हाक मारली. मग टाकीच्या तोंडातून बॅटरी मारली. नवशा आत बसलेला होता. पाठ टाकीला टेकलेली, मान खाली, दोन्ही हातांत पाना, पाना नटावर. त्याची बोटं सोडवायला दोन माणसं लागली.

सगळ्यांनी सुनिलला एकच विचारलं, "दोनदा वाजवलं होतंस ना?"

"हो," सुनिल म्हणाला.

मग तो निघाला का नाही? लोकांनी उत्तर शोधून काढलं. पिऊन आत झोपला असेल. नवशाची बायको बाईजा हे ऐकत बाजूला उभी होती. नवशा पीत नव्हता. ताडी बघूनच त्याला ओकारी यायची, हे सुनिलला माहीत होतं.

तो काही बोलला नाही. नऊ वर्षं.

आता शेडमध्ये, फेब्रुवारीच्या उन्हात, त्याच्या समोर सहावा बोल्ट होता. त्याने ठरवलं, याला वाजवायचं नाही. पाना लावला. खुळ खुळ खुळ. बरं वाटलं. खुळखुळण्यात माणसाला इतकं बरं वाटेल असं त्याला वाटलं नव्हतं.

मग आवाज थांबला.

आणि पंखाच्या आतून...

टक्.

एकदाच. 'धरलंय' म्हणून आतला माणूस द्यायचा, तसं.

बाहेर म्हैस हंबरली. सुनिल म्हणतो, ती म्हैस नसती तर मी तिथेच मेलो असतो.

पळून जावं असं कोणालाही वाटेल. माझ्या भावाने बोल्ट आवळला. मी त्याला पुढे कधीतरी विचारलं, का? तो म्हणाला, "आतला माणूस धरून बसलाय म्हटल्यावर बाहेरचा थांबत नाय. सवय." बोल्ट किती आवळायचा हे मोजणारा काकांचा खास पाना असतो, ठरलेल्या जोराला तो कट् वाजतो. दोन्ही बोल्ट बरोबर कट् वाजले. भूत असेल, पण काम चोख.

संध्याकाळी काका आले. सहाही बोल्ट तपासले. कट्, कट्, सहा वेळा. प्रत्येक बोल्टावर त्यांनी लाल रंगाची बारीक रेघ ओढली, म्हणजे तो हलला तर कळावा. "शाबास," ते म्हणाले.

सुनिल काही बोलला नाही. याची त्याला आता चांगली सवय झाली होती.

महाशिवरात्रीचा शुक्रवार. सकाळी आठ.

माळावर अर्धं गाव जमलं होतं. माळ मुरमाड, सरळ, चारशे मीटर लांब. त्याच्या शेवटी दगडी बांध आणि बांधाच्या पलीकडे ओढ्याचा खोल चर. रडर असला तर विमान वळतं. नसला तर चर.

पळवण्याआधी वजन घ्यायचं होतं. काकांनी भातगिरणीतून तीन काटे आणले होते, तीन चाकांखाली तीन. पुढची दोन वजनं बरोबर आली. मागच्या चाकाखाली चोवीस किलो यायला हवे होते.

पासष्ट आले.

काकांनी काट्याला टपली मारली. पासष्ट. काटा बदलला. पासष्ट. तांदळाची पन्नासाची गोण ठेवून काटा तपासला. पन्नास. पुन्हा शेपटी ठेवली.

"एकेचाळीस जास्त कुठून आले?" काका वहीकडे बघत म्हणाले.

 सुनिल म्हशीकडे बघत राहिला. तीही आली होती.

"सासूबाई बसल्या असतील मागं," काकू म्हणाल्या. "त्यांना तुमचं सगळंच बघायचं असायचं."

लोक हसले. काकांनी थोडा वेळ डोकं खाजवलं. मग विमानाच्या नाकात वाळूच्या गोणी ठेवल्या, तोल जमवला आणि म्हणाले, "आज फक्त पळवायचंय. वजनाचं उद्या बघू." शेजारच्या मंगळूने नारळ फोडला. काका आत बसले, पट्टा आवळला. इंजिन सुरू झालं. इंजिन तापेपर्यंत शेपटी धरून ठेवायचं काम सुनिलचं होतं.

त्याने दोन्ही हात पंखावर ठेवले.

पंख थरथरत होता, इंजिनाने. पण त्या थरथरीच्या आत आणखी काहीतरी होतं. बारीक. कोणीतरी खूप वेळ एकाच जागी धरून बसलंय, हात भरून आलाय, आणि ते पकड जराशी बदलतंय... तसं.

आणि रेझिनचा वास. पंख महिन्यापूर्वी सुकला होता. तरी ताजा, ओला वास.

सुनिलच्या मनात एकच आलं. नऊ वर्षं धरतोय. माणूस कधीतरी हात सोडतो.

तो विमानाला वळसा घालून पुढे धावला आणि पंख्यासमोर दोन्ही हात वर करून उभा राहिला. हे अजिबात करायचं नसतं. काकांनी शिवी देऊन इंजिन बंद केलं.

"मी घासलं नव्हतं," सुनिल म्हणाला.

"काय?"

"शेवटच्या दोन चकत्या. खालची जागा घासली नव्हती."

 इंजिनातून टिक टिक येत होती.

"का?" काकांनी विचारलं.

"जेवायला गेलो. मटण होतं."

 काकांनी पट्टा सोडला, खाली उतरले आणि विमान ढकलत शेडकडे नेलं.  गावाने उपासाची खिचडी खाल्ली आणि घरी गेलं.

दुपारी काकांनी पंखाला वहीएवढी खिडकी कापली.

आत चार चकत्या भिंतीला पक्क्या होत्या. उरलेल्या दोन सुटलेल्या. नुसत्या सुटलेल्या नव्हत्या... भिंतीपासून बोटाच्या पेराएवढ्या लांब होत्या. काकांनी खिशातलं एसटीचं तिकीट काढून चकती आणि भिंत यांच्यामधून सरकवलं. आरपार गेलं. कुठेच टेकलेलं नसताना बोल्ट घट्ट होता. काकांनी बाहेरून पाना लावला. कट्.

"हे असं नसतं," काका म्हणाले. एकतीस वर्षं हँगरमध्ये काढलेला माणूस दुसरं काय म्हणणार?

मग त्यांनी बोल्ट काढायला उलटा फिरवला. हलला नाही. पान्याला लोखंडी पाइप लावून दोघांनी ओढलं. बोल्टाऐवजी विमान फिरलं.

सुनिल पुढे झाला.  पंखावर दोनदा वाजवलं. टक् टक्. सोड.

थोडा वेळ काहीच नाही.

मग खिडकीतून, अगदी स्पष्ट...

टक्.

धरलंय.

काका हळूच पाण्याच्या पिंपावर बसले. "सुनिल," ते म्हणाले, "आत कोण आहे?"

सुनिलने सांगितलं. टाकी, भोंगा, समोसे, सगळं. दोनदा वाजवलं नव्हतं हेही. आयुष्यात पहिल्यांदा.

काकू दारात चहा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. त्यांचा चेहरा उतरला, पण आवाज तोच राहिला.

"मग त्याच्या बायकोला आणा की," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या घरचा माणूस असा ठेवून घेतात होय?"

"तिला काय सांगू?" सुनिल म्हणाला.

"आमाला सांगितलं तेच. आमी कोण लागतो त्याचे?"

पुढच्या शुक्रवारी सुनिल उंबरमाळीला गेला. पाड्यावर बाईजा नाचणी निवडत होती. तो एवढंच म्हणाला, "वयनी, नवशाचं एक काम राहिलंय. यायला लागंल." तिने सूप बाजूला ठेवलं, पदर नीट केला आणि निघाली. रस्ताभर सुनिलने चार वेळा तोंड उघडलं आणि मिटलं.

"गाडी लागते का तुमाला?" तिने विचारलं.

"नाय."

"मंग तोंड मिटा. माशी जाईल."

शेडमध्ये येऊन तिने विमान नीट बघून घेतलं. "ह्ये उडतंय?"

"अजून नाही," काका म्हणाले.

"मंग बरं."

मग ती सुनिलकडे वळली. 

"मी वाजवलंच नव्हतं," सुनिल म्हणाला. "दोनदा. मी चहाला गेलो. तो सोड म्हणायची वाट बघत बसला. मी सगळ्यांना खोटं सांगितलं."

बाईजाचा चेहरा तसाच राहिला. 

"नऊ वरसं मी सांगत्ये, तो पीत नव्हता. कुणी ऐकत नाय. पोरीचं, शीतलचं, लगीन ठरत व्हतं, तवा पोराकडच्यांनी तेच इचारलं. बाप पिऊन मेला ना. शीतल त्यांच्यासमोर रडली." ती थांबली. "लगीन मोडलं."

सुनिलने मान खाली घातली.

"तुमी आमच्या पाड्यावर यायचं. समद्यांसमोर हेच बोलायचं. कधी ते तुमी ठरवा."

"येतो."

ती विमानाजवळ गेली. खिडकीतून तिने हात कोपरापर्यंत आत घातला. आत काय लागलं ते तिने कधीच सांगितलं नाही. पण तिचा खांदा एकदा हलला, आणि ती अगदी हळू, चुलीपाशी बोलावं तसं बोलली.

"सोड रे आता. चल घरी."

पाचवा बोल्ट... आपोआप फिरायला लागला. उलटा. एक फेरा, दोन, तीन. टण्कन जमिनीवर पडला. मग सहावा. लाल रेघा जमिनीवर.

मागचं टायर आठवडाभर दबून चपटं झालं होतं. ते सगळ्यांसमोर हळूहळू गोल झालं.

बाईजाने हात बाहेर काढला आणि म्हणाली, "जीप मिळंल ना आता?"

सरळगावच्या नाक्यावर सुनिलने तिला शहापूरच्या जीपमध्ये बसवलं. ती मधल्या सीटवर, खिडकीशी. तिच्या शेजारची जागा रिकामी होती. ड्रायव्हरने आरशात बघितलं, "भरली," म्हणाला आणि गाडी काढली.

ज्यांनी आमच्याकडच्या जीपमधून प्रवास केलाय त्यांना यापुढे काही समजावून सांगायला नको. आमच्याकडे चार माणसं टपावर आणि दोन मागे लटकल्याशिवाय जीप भरत नाही. एक सीट मोकळी ठेवून जीप निघाली, असं आजवर कुणी पाहिलेलं नाही.

सुनिल होळीच्या आधी पाड्यावर जाऊन आला. सगळ्यांसमोर बोलला. कोणी हात उगारला नाही. एखादी बसली असती तर बरं झालं असतं, असं तो म्हणतो. काकांनी दोन चकत्या स्वतः बसवल्या. आधी अर्धा दिवस नुसतं घासलं.

इथे मी थांबलो असतो. पण त्याच आठवड्यात सुनिलदादाचा फोन वाजायला लागला.

आधी शहापूरहून. टाकी गळतेय. मग किन्हवलीहून. मग भातसानगरच्या कॉलनीतून एकाच दिवशी तीन. सगळ्या टाक्या त्याच्या हातच्या, जोड त्याने बसवलेले, सगळ्या १९९८च्या मेनंतरच्या. प्रत्येक टाकीत तेच. पाइपाच्या जोडाचे नट निघून तळाशी पडलेले. जणू इतकी वर्षं कोणीतरी ते आतून धरून ठेवले होते, आणि त्या शुक्रवारी सोडले.

त्याने सगळ्या दुरुस्त केल्या. अजून करतोय. दोनदा वाजवतो, मग हाक मारतो, मग माणूस बाहेर येईपर्यंत टाकीपासून हलत नाही.

आमच्या मुरबाडच्या घरावरची टाकीही त्यानेच बसवली आहे, २००२ साली. ती मात्र गळत नाही. एक थेंब नाही. आई सगळ्यांना सांगते, घरच्यांसाठी सुनिलने काम कसं मन लावून केलंय बघा.

मागच्या महिन्यात मी सहज त्याला फोन केला. विचारलं, "दादा, आमची टाकी कशी काय गळली नाही रे?"

त्याने तिकडे टीव्हीचा आवाज बंद केला. 

"ती मी बसवली ना," तो म्हणाला, "तवा नट संपले होते. बोल्ट नुसते भोकात घालून ठेवले. उद्या येतो म्हटलं तुझ्या आईला. मग राहिलं."

"म्हणजे आतून नटच नाहीत?"

"नाय."

"मग पाइप कशावर राहिलाय?"

"तू वर जाऊन दोनदा वाजवून बघ ना," तो म्हणाला. त्याचा आवाज मला आवडला नाही.

मी अजून वर गेलेलो नाही. टाकी गळत नाही. आम्ही तेच पाणी पितो.